फ्रेंचचा ऑनलाइन क्लास आणि झाकली मूठ

वरच्या लेव्हलच्या लोकांना बोलायला विषय काय द्यायचा, ही ऑनलाइन भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाची कायमची कटकट आहे. पर्यावरण, सोशल मीडिया, वर्क फ्रॉम होम, आणि अगदीच काही सुचलं नाही तर जाहिराती. विषय वाईट नाहीत हो, पण डाल्फ सी१ या फ्रेंचच्या वरच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची (मुलं म्हणायचं आपलं, निम्मे जण पस्तिशीच्या पुढचे असतात) यावरची उत्तरं पाठ झालेली असतात. व्हिडिओवर तर सरळ वाचूनच दाखवतात. डोळे हळूच डावीकडे सरकतात, आवाज एकसुरी होतो, आणि आपल्याला इकडे कळतं की शेजारी दुसरी विंडो उघडी आहे.

म्हणून मी हल्ली फ्रान्सचं अण्वस्त्र धोरण घेते. पहिल्यांदा सांगितलं की सगळे हसतात, "मॅडम, आम्हाला अ‍ॅडमिशन हवीय, बॉम्ब नको." पण एकदा सुरू झालं की क्लास संपायची वेळ होऊन गेलेली कळत नाही, कारण यावर कोणाचंच उत्तर पाठ नसतं आणि मत मात्र प्रत्येकाला असतं. शिवाय मटेरियल आयतं मिळतं. फ्रेंच राष्ट्राध्यक्ष या विषयावर दर काही वर्षांनी एक मोठं भाषण देतात, त्याचा व्हिडिओ असतो, शब्दन् शब्द लिहिलेला मजकूरही असतो, आणि माणूस इतका सावकाश आणि स्पष्ट बोलतो की जणू आपल्या क्लाससाठीच बोलतोय.

या स्पष्टपणाचं महत्त्व व्हिडिओवर शिकवणाऱ्यालाच कळेल. फ्रेंचमधले नाकातले स्वर समोरासमोर शिकवतानाच जीव काढतात. वारा, वाईन आणि "ते जातात", हे तीन शब्द फक्त त्या नाकातल्या स्वरानं वेगळे होतात, आणि लॅपटॉपच्या माइकमधून, त्यात अ‍ॅपचं ते आवाज साफ करायचं फीचर चालू असलं की, तिन्ही सारखेच ऐकू येतात. ते फीचर पंख्याचा आवाज काढतं तसं शब्दाच्या शेवटचं हलकं व्यंजनही काढून टाकतं, आणि मुलांना वाटतं मॅडम तो शब्द अर्धाच उच्चारतात. मी ते बंदच करायला लावते, पंखा ऐकू आला तर येऊ दे. आणि हेडफोन लावायला सांगते, यात सूट नाही.

दुसरी भानगड उशिराची. बोलणं सहज चालायचं असेल तर आवाज एका बाजूनं पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडच्या घरच्या वायफायवर कुणी वरच्या मजल्यावर मॅच लावली की ही मर्यादा कधीच ओलांडली जाते. आता फ्रेंच लोकांचा वाद कसा असतो, तर एकमेकांचं वाक्य तोडत, मध्येच घुसत. ते व्हिडिओवर जमतच नाही, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग "नाही नाही तुम्ही बोला" यातच मिनिट जातं. त्यामुळे मी मोकळी डिबेट घेणं जवळजवळ सोडलंय. त्याऐवजी भाषणाचा तुकडा आदल्या दिवशी पाठवते, प्रत्येकानं आपापल्या मोबाइलवर ऐकून यायचं (स्क्रीन शेअर करून क्लिप लावू नका, आवाज तुटतो आणि ओठ वेगळेच हलतात), आणि क्लासमध्ये एकेकानं सलग दोन-तीन मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी कॅमेरा चालू ठेवून नुसतं ऐकायचं. ओठ दिसले पाहिजेत. फ्रेंचचा अर्धा उच्चार ओठांवरून कळतो.

तर, धोरण. थोडक्यात सांगते, कारण मुलांना हे शून्यापासून सांगावं लागतं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी नोव्हेंबर १९५९ मध्ये पॅरिसच्या एकोल मिलितेर या लष्करी संस्थेत सांगितलं की फ्रान्सचं रक्षण फ्रेंचच असलं पाहिजे, आणि १३ फेब्रुवारी १९६० ला अल्जीरियाच्या सहारात रेगान इथे पहिला स्फोट झाला. मागचा विचार साधा होता, अमेरिका आपल्यासाठी स्वतःचं शहर पणाला लावेल कशावरून? पॅरिससाठी तुम्ही न्यूयॉर्क गमवाल का, असं द गॉल यांनी १९६१ मध्ये केनेडींनाच विचारलं होतं असं सांगतात. उत्तर काय आलं याला फारसं महत्त्व नव्हतं, प्रश्न पडला यातच सगळं आलं. मग १९६४ पासून बॉम्ब घेऊन मिराज विमानं तयार, आणि जानेवारी १९७२ मध्ये पहिली अण्वस्त्रधारी पाणबुडी ल रदुताब्ल गस्तीला निघाली. तेव्हापासून फ्रान्सची निदान एक पाणबुडी कायम समुद्रात असते. कुठे असते ते जहाजावरच्या मोजक्या लोकांनाच माहीत. जमिनीवरची क्षेपणास्त्रंही होती, दक्षिणेत अल्बियोंच्या पठारावर, ती राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी १९९६ मध्ये बंद केली. आता पाणबुड्या आणि राफाल एवढंच.

आणि हे सगळं वापरायचं की नाही ते एकच माणूस ठरवतो. संसद नाही, मंत्रिमंडळ नाही. १९६४ च्या एका डिक्रीनं (सरकारी हुकमानं) हवाई दलाचा अण्वस्त्रं नेणारा भाग राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाला बांधला आणि पुढे सगळंच तसं झालं. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा, हे १९६२ च्या सार्वमतात ठरलं त्यालाही ही एक किनार आहे, एवढा अधिकार ज्याच्या हातात द्यायचा तो निदान लोकांनी निवडलेला तरी असावा. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये टीव्हीवर सरळ सांगितलं होतं की या अण्वस्त्रांच्या धाकाचा मुख्य भाग म्हणजे राष्ट्रप्रमुख, म्हणजे मीच. हे वाक्य मी क्लासमध्ये तीनदा ऐकवते. त्या "मीच"वर आवाज चढत नाही, उलट खाली येतो, आणि परीक्षेत ठामपणे बोलायचं म्हणजे ओरडायचं नाही हे मला दुसऱ्या कशानं इतकं पटवून देता आलेलं नाही.

सगळ्या धोरणाचं सार म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. देशाच्या "अत्यावश्यक हितांना" धक्का लागला तर फ्रान्स अण्वस्त्र वापरू शकतो. ही हितं कोणती? ते सांगणार नाही. मॅक्रॉन यांनी ७ फेब्रुवारी २०२० ला एकोल द गेर या युद्धशिक्षणाच्या संस्थेतल्या अधिकाऱ्यांपुढे जे भाषण दिलं त्यात हे सगळं येतं, आपल्याकडे ३०० पेक्षा कमी वॉरहेड आहेत हे येतं, शत्रूचा गैरसमज झालाच तर अण्वस्त्र वापरूनच एक इशारा दिला जाऊ शकतो, एकदाच, पुन्हा नाही, हेही येतं. या हितांना आता एक युरोपीय बाजू आहे असंही त्यात म्हटलंय. ती बाजू किती, कुठपर्यंत, ते नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे आकडा सांगतात, शस्त्र सांगतात, फक्त कधी मारणार तेवढं सांगत नाहीत." बरोबर! तेच धोरण आहे. (आपण पहिला वार करणार नाही हे भारतानं २००३ मध्ये लिहून दिलंय. फ्रान्सनं तसं कधीच म्हटलेलं नाही, आणि आपल्या मुलांना आधी तिथेच अडखळायला होतं.)

मूठ उघडली की काय होतं त्याचा नमुनाही आहे. १२ ऑक्टोबर २०२२, फ्रान्स २ वर मुलाखत. रशियानं युक्रेनमध्ये किंवा त्या भागात अण्वस्त्र टाकलं तर, असा विषय निघाला, आणि मॅक्रॉन म्हणाले की आमचं धोरण राष्ट्राच्या मूलभूत हितांवर आधारलेलं आहे, ती स्पष्ट आहेत, आणि अशा हल्ल्यात ती पणाला लागणार नाहीत. झालं. दुसऱ्या दिवसापासून आरडाओरडा, की जे कधीच सांगायचं नसतं ते तुम्ही टीव्हीवर सांगून टाकलंत, आणि "त्या भागात" म्हणजे नक्की कुठे, त्यात युरोपीय संघातले देश येतात की नाही? क्लाससाठी ही क्लिप म्हणजे सोनं आहे. मी काय करते, मुलाखत प्रश्नापाशी थांबवते आणि दोघांना वेगळ्या रूममध्ये पाठवते, एक पत्रकार एक राष्ट्राध्यक्ष, आणि अट अशी की राष्ट्राध्यक्षानं उत्तर द्यायचं पण काही सांगायचं नाही. खोटं बोलायचं नाही, "नो कॉमेंट" नाही, विषय बदलायचा नाही. बघा करून, आपल्या मातृभाषेतसुद्धा घाम फुटतो. परत आले की मग खरं उत्तर ऐकवते. बहुतेकांचं म्हणणं पडतं की आम्ही जास्त चांगलं टाळलं असतं, आणि दोन-तीन जणांच्या बाबतीत मलाही तसंच वाटतं.

पण मला सगळ्यात आवडणारा तास पाणबुडीचा. ब्रिटनी प्रांतात ब्रेस्टजवळ ईल लोंग नावाचा तळ आहे, तिथून चार पाणबुड्या निघतात, ल त्रियोंफाँ, ल तेमेरेर, ल विजिलाँ आणि ल तेरिब्ल. प्रत्येकीत १६ क्षेपणास्त्रं, शंभराच्या वर माणसं, आणि गस्त साधारण सत्तर दिवसांची. प्रत्येक पाणबुडीला दोन टीम, निळी आणि लाल, एक समुद्रात असली की दुसरी जमिनीवर. पाणबुडीतून बाहेर काहीही पाठवता येत नाही, कारण पाठवलं की पत्ता लागला. घरून मात्र संदेश येतात, छोटेसे, मोजक्या शब्दांचे, त्यांना फामिलिग्राम म्हणतात. ते आधी नौदलाचा माणूस वाचतो, आणि घरी कोणी गेलं असेल, काही वाईट घडलं असेल, तर ती बातमी आत पोचू देत नाहीत. गस्त संपून तो माणूस वर आला की मग सांगतात.

हे ऐकल्यावर क्लास एकदम गप्प होतो. मग मी असाइनमेंट देते, फामिलिग्राम लिहा. तीस-चाळीस शब्दांत. उत्तर येणार नाही, प्रश्न विचारून उपयोग नाही, काळजी वाटेल असं काही लिहायचं नाही. भाषेच्या दृष्टीनं हे फार अवघड काम आहे, कारण पत्र लिहायला शिकलेल्या माणसाला "कसा आहेस, जेवलास का" शिवाय सुरुवातच करता येत नाही. बँकेत काम करणाऱ्या एकानं लिहिलं होतं की मुलीला आता सायकल येते, कडेची दोन छोटी चाकं काढली, आजोबा मागून पळतात. मी फक्त काळ दुरुस्त केला. आणि मग दुसऱ्या एकीनं विचारलं, की मॅडम, आजोबा पळतात हे खरं नसेल तर? म्हणजे आजोबाच नसतील तर? मग त्या दिवशी भूतकाळ, वर्तमानकाळ सगळं राहिलं बाजूला.

असो. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. हे मटेरियल जितकं चांगलं तितकंच ते अंगावर येतं. महिनाभर राष्ट्राध्यक्षांची भाषणं ऐकली की मुलं तशीच बोलायला लागतात, तीच लय, तेच थांबे, तीच गोल गोल वाक्यं. परीक्षेच्या दृष्टीनं उत्तम! पण बोलताबोलता विचारही तसाच होतो. एकदा मॉक ओरलमध्ये (तोंडी परीक्षेचा सराव) एका मुलानं आठ मिनिटं अस्खलित मांडणी केली, जबाबदारी, स्वायत्तता, शांततेची हमी, आणि त्यात एकही माणूस नव्हता. मार्क भरपूर पडले असते. मला मात्र ते ऐकवेना. इतक्या मेहनतीनं घडवलेल्या भाषणांवरून फ्रेंच शिकवायचं असेल तर त्या भाषणात जे येत नाही तेही त्याच आठवड्यात द्यायला पाहिजे, नाहीतर आपण भाषा नाही, एका ऑफिसचा आवाज शिकवतोय.

म्हणून आता सहारा आणि पॉलिनेशिया हे दोन तास मी टाळू देत नाही. फ्रान्सनं एकूण २१० चाचण्या केल्या, १७ अल्जीरियात आणि १९३ पॅसिफिक महासागरात फ्रेंच पॉलिनेशियातल्या मुरुरोआ आणि फांगाटाउफा या बेटांवर, शेवटची २७ जानेवारी १९९६ ला. अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला तरी चाचण्या १९६६ पर्यंत चालू राहिल्या, करारातच तशी तरतूद होती. १ मे १९६२ ला इन एकरच्या डोंगरातली बेरिल नावाची भूमिगत चाचणी फसली आणि डोंगराच्या पोटातून किरणोत्सारी ढग बाहेर आला. बघायला दोन मंत्री आले होते, संरक्षणमंत्री मेस्मेर आणि विज्ञान संशोधनाचे पालेव्स्की, त्यांनाही तिथून पळावं लागलं. 

पॉलिनेशियाचं आणखी जवळून बघावं लागतं. १७ जुलै १९७४, सांतोर नावाची चाचणी. ढग अंदाजापेक्षा वेगळ्या दिशेला गेला आणि तिथली सगळ्यात जास्त वस्ती ज्या ताहितीवर, बाराशे किलोमीटरच्या आसपास दूर, तिथे पोचला. भरपाईचा कायदा आला ५ जानेवारी २०१० ला. चाचण्या थांबून चौदा वर्षं झाल्यावर. आणि त्यात एक कलम असं होतं की धोका "नगण्य" असेल तर भरपाई नाही, त्यामुळे आलेले अर्ज भराभर फेटाळले गेले. ते कलम २०१७ मध्ये काढलं, आणि डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या २०१९ च्या अर्थसंकल्पी कायद्यात वर्षाला एक मिलिसिव्हर्ट किरणोत्साराची मर्यादा आली. क्लासमध्ये मी कायद्याचं ते एक कलम आणि २०२० च्या भाषणातला एक परिच्छेद स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवते, आणि फक्त एवढंच विचारते, की या दोन्हीत क्रिया कोण करतंय ते अधोरेखित करा. भाषणात "फ्रान्स" करतो, "आम्ही" करतो, "मी" करतो. कायद्यात कोणीच काही करत नाही, आजार होतो, संपर्क येतो, धोका असतो.

जुलै २०२१ मध्ये मॅक्रॉन ताहितीतल्या पापीतला गेले होते, तिथे ते म्हणाले की देशावर पॉलिनेशियाचं ऋण आहे, आणि याच चाचण्या आपण क्रझमध्ये किंवा ब्रिटनीत, म्हणजे खुद्द फ्रान्समध्ये, केल्या नसत्या. माफी मागितली नाही, पण हे वाक्य मोठं आहे, आणि गंमत (गंमत कसली) अशी की पाणबुड्या ज्या ब्रिटनीत ठेवल्यात ती हीच. हे भाषण ऐकायला २०२० च्या भाषणापेक्षा अवघड आहे, मध्ये टाळ्या आहेत, स्थानिक शब्द आहेत, आवाज एकसारखा नाही. मुलं कुरकुर करतात. मी म्हणते ऐका, परीक्षेत पण क्लिप स्टुडिओतली असेलच असं नाही.

सध्याचं प्रकरण तर चालूच आहे. ५ मार्च २०२५ ला मॅक्रॉन यांनी टीव्हीवरून सांगितलं की जर्मनीच्या होऊ घातलेल्या चान्सेलरांच्या, म्हणजे मेर्त्स यांच्या, आवाहनाला उत्तर म्हणून आपण फ्रेंच अण्वस्त्रांनी युरोपातल्या मित्रदेशांना संरक्षण देण्यावर चर्चा सुरू करतोय, पण निर्णय राष्ट्राध्यक्षांचाच राहील. जुलैमध्ये ब्रिटनबरोबर नॉर्थवुडचं निवेदन आलं, की दोघांची अण्वस्त्रं स्वतंत्र, पण समन्वय होऊ शकतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मला हे पटत नाही. पॅरिससाठी न्यूयॉर्क कोण गमावेल हा प्रश्न विचारून ज्या देशानं बॉम्ब केला, त्यानं आता वॉर्सासाठी पॅरिस गमावू असं म्हणायचं, तर निदान तो जुना प्रश्न आपल्यालाही लागू होतो एवढं तरी मान्य करावं. मागे एका बॅचमध्ये नौदलातून रिटायर झालेले एक काका होते, त्यांनी मला इथे फ्रेंचमध्येच गप्प केलं. म्हणाले, मॅडम, समोरच्याला खात्री वाटायची गरज नसते, शंका वाटली तरी पुरते. वाक्यात लिंग चुकलं होतं, मी सुधारायची विसरून गेले.

कोणाला हे क्लासमध्ये वापरायचं असेल तर एकच सांगते. २०२० चं भाषण लांबलचक आहे, अख्खं देऊ नका, शस्त्रनियंत्रणाचा मधला भाग सरळ गाळा, एक लेव्हल खालच्या बी२ वाल्यांना तर तो झेपतच नाही. त्या एकदाच्या अण्वस्त्र इशाऱ्याचा परिच्छेद ठेवा. आणि पापीतचं भाषण "वेळ उरला तर घेऊ" असं ठेवू नका, आधी तेच लावा आणि एकोल द गेर नंतर. क्रम उलटा केल्यापासून मुलांची मांडणी थोडी अडखळत येते, पण त्यात माणसं येतात.